पाहुणा एक

खात्यात चारशे बारा शिल्लक होते. बँकेतल्या बाईंनी पासबुक छापून काचेखालून सरकवलं आणि मी तो आकडा तीनदा वाचला. मग मी त्यांना सांगितलं की तुमचं मशीन बिघडलंय. त्या बिचाऱ्या भल्या, त्यांनी पुन्हा छापलं. पुन्हा चारशे बारा. सगळी रक्कम चौदा महिन्यांपूर्वी एकाच दिवशी काढलेली होती, रोख, बाबांच्या सहीने, आणि त्यानंतर खात्यात एक पैसाही भरलेला नव्हता. माझ्या मागे उभा असलेला माणूस लवकर आवरा म्हणाला. एरवी मी त्याला तिथेच चार शब्द सुनावले असते, त्या दिवशी मुकाट बाजूला झाले. मी पासबुक पिशवीत टाकलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

डॉक्टरांची तारीख बारा दिवसांवर आली होती.

आमच्या घरात त्या पैशांना पैसे म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. आमची लाँड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट आणि आसपासच्या घरांचे कपडे आमच्याकडे येतात. पाच वर्षांपूर्वी बाबांनी मोठं मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा कुणी दारात उभं करेना. शेवटी दातांचे डॉक्टर धावून आले. ते बाबांचे जुने गिऱ्हाईक, एव्हाना दवाखाना बंद करून घरी बसलेले. त्यांनी रक्कम दिली आणि कागद केला. दर महिन्याला काही द्यायचं नाही, पाच वर्षांनी ठरलेल्या तारखेला व्याजासकट सगळं एकरकमी द्यायचं. तारीख चुकली तर आमचा गाळा डॉक्टरांचा. गाळ्याची कागदपत्रं तेव्हापासून त्यांच्याच कपाटात होती.

सही करून आल्यावर बाबांनी आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि धाकट्याला, इस्त्रीच्या टेबलाशी उभं केलं. पाच वर्षांनी एक पाहुणा येणार आहे, म्हणाले, त्याची भूक मोठी आहे. त्या दिवशी धावपळ करून त्याचं ताट भरणार नाही. तेव्हा आजपासून दर शनिवारी त्याचा घास आधी बाजूला काढायचा, मग आपण जेवायचं.

असे दोनशे साठ शनिवार. दर शनिवारी हॉटेलांच्या बिलांचे पैसे आले की मी गल्ल्यातून ठरलेली रक्कम काढून खाकी पाकिटात घालायची. पाकिटावर बाबा स्वतःच्या हाताने 'पाहुणा' लिहायचे आणि बँकेत भरायला घेऊन जायचे. साबण महाग झाला, ड्रायरचा पट्टा तुटला, एका हॉटेलाने तीन महिने बिल थकवलं, तरी पाहुणा उपाशी राहिला नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघायचे. धाकट्याने गल्ल्यात हात घातला की मी ओरडायचे, "पाहुणा जेवला का आधी?" गिऱ्हाइकांना वाटायचं, घरात कुणीतरी खादाड माणूस येऊन राहिलाय.

धाकट्याचं लग्न झालं तेव्हा भावजयीलाही तसंच वाटलं. तिचा पहिला शनिवार होता. माझं ओरडणं ऐकून तिने जेवण वाढवलं, पाचवं ताट मांडलं आणि पाहुणा आल्याशिवाय जेवायला बसेना. धाकटा आणि मी हसून हसून बेजार झालो. तिचे डोळे भरून आले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्या पाचव्या ताटात ठेवलं आणि म्हणाले, हा बघ तुझा पाहुणा. घरात याची काळजी करणारं आणखी एक माणूस आलं, बरं झालं.

हे सगळं पायरीवर बसून मला आठवत होतं आणि आतून संताप येत होता. विचारायचं कुणाला? बाबांना अर्धांगाचा झटका येऊन नऊ दिवस झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही जवळजवळ गेलं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर वारले. बाबा शनिवारी नेहमीसारखे त्यांचे कपडे पोचवायला गेले तर दाराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, परवाच गेले. बाबा गाठोडं तसंच परत घेऊन आले, फडताळात ठेवलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. सोमवारी मशीनपाशीच कोसळले. आम्हाला वाटलं, मित्र गेल्याचा धक्का.

घरी आले तेव्हा भावजय बाबांना चमच्याने पाणी पाजत होती. मी पासबुक त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, "बाबा, पाहुणा कुठे आहे?"

त्यांनी पासबुकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंडाची एक बाजू हलली.

"जेवला," ते म्हणाले.

कुणाला दिले, कशासाठी काढले, मी विचारतच राहिले. माझा आवाज चढत गेला. आजारी माणसाशी असं बोलू नये हे मला कळत होतं, पण राग माझ्या नाकावरच असतो आणि त्या दिवशी तो नाकावरून खाली यायला तयार नव्हता. बाबांच्या कपाळाला घाम फुटला. "जेवला," ते पुन्हा म्हणाले, "एक. एक. जेवला." भावजयीला वाटलं, एक घास मागताहेत. ती धावत जाऊन वाटी घेऊन आली. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला खात्रीच होती की हे धाकट्याचं काम. चौदा महिन्यांपूर्वीच त्याला डिलिव्हरीची गाडी घ्यायचं खूळ लागलं होतं. पाहुण्याचे पैसे सहा महिने वापरू, गाडी स्वतःचे पैसे स्वतः फेडेल, असं तो बाबांच्या मागे लागला होता. हे मला माहीत होतं, कारण भिंती पातळ आहेत आणि माझे कान तिखट आहेत.

मी लाँड्रीत गेले. तो मशीनमधून ओल्या चादरी उपसत होता. मी पासबुक त्याच्या हातात दिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, ते मी बघितलं, पण मला तेव्हा ते चोराचं तोंड वाटलं.

"गाडी कुठे लपवून ठेवलीस?" मी विचारलं.

तो म्हणाला की ताई, मी मागितले होते हे खरं, बाबांनी नाही म्हटलं हेही खरं, पुढे मी तो विषय काढला नाही. मी म्हटलं, तू नाही तर काय भुताने नेले? तुझ्यासाठी बाबांनी आयुष्यात कधी हात आखडता घेतलाय का? असं बरंच बोलले. जुन्या गोष्टी काढल्या. तो मान खाली घालून चादरी उपसत राहिला आणि त्याचा तो गरीबपणा बघून माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

भावजय कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. चार वर्षांत ती माझ्यासमोर कधी मोठ्याने बोललेली नाही. त्या दिवशीही मोठ्याने बोलली नाही.

"ताई, त्याच आठवड्यात तुम्हीही मागितले होते," ती म्हणाली. "मी इस्त्री करत होते. बाबा नाही म्हणाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, खात्यावर माझीही सही चालते."

मशीनचा आवाज चालू होता म्हणून बरं. मला कुठे बघावं कळेना.

खरं होतं ते. खातं बाबांच्या आणि माझ्या नावावर होतं, दोघांपैकी कुणाचीही सही चालायची. समोरच्या रस्त्यावर एक छोटी खोली भाड्याने निघाली होती. मला तिथे माझी स्वतःची इस्त्रीची जागा हवी होती. संसार मोडून माहेरी परत आलेल्या बाईला काय हवं असतं ते तिचं तिलाच माहीत. अनामत रक्कम भरायला चारच महिन्यांसाठी मी पाहुण्याचे पैसे मागितले. बाबांनी नाही म्हटलं. रागाच्या भरात माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. मी बँकेत गेले नाही, जाणारही नव्हते. पण त्यानंतर महिनाभर मी बाबांशी बोलले नाही, आणि पासबुक बघायचं तर पुढे कधी नावही काढलं नाही. धाकट्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो आता माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, मी एक दमडी काढलेली नाही. त्याने मान हलवली, पण विश्वास बसल्यासारखी नाही.

त्या रात्रीपासून घरात तीन माणसं एकमेकांवर पहारा ठेवून वावरायला लागली.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा मुलगा आला. तो लांबच्या शहरात विमा कंपनीत होता, आग लागली, पूर आला की नुकसान मोजायचं काम करायचा. वडिलांचं घर आवरायला रजा काढून आला होता. उंच, सडपातळ, खिशात मोजपट्टी. त्याने गाळ्याची लांबी-रुंदी मोजली, भिंतीवर बोटाने टिचक्या मारून बघितल्या आणि वहीत लिहून घेतलं. आमच्यासमोर, आम्ही तिथे उभे असताना. धाकट्याने त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं, आणि त्या सगळ्या दिवसांत आम्ही भाऊबहीण एकदाच हसलो ते तेव्हा.

मी त्याला चहा दिला आणि मुदत मागितली. वडील अंथरुणाला खिळलेत, म्हटलं, सहा महिने द्या. त्याने चहा पूर्ण संपवला, कप बशीत नीट ठेवला. कागदावर एकही रक्कम जमा केलेली नाही, म्हणाला, तारीख मात्र स्पष्ट लिहिलेली आहे. "मी काही वाईट माणूस नाही," तो म्हणाला, "पण मी कागदाबाहेर जात नाही. माझ्याकडे रोज लोक रडत येतात."

तो शनिवार आला. दुपारी हॉटेलांची बिलं आली. मी गल्ला उघडला आणि माझा हात सवयीने खाकी पाकिटाकडे गेला. आधीचा शनिवार दवाखान्याच्या धावपळीत गेला होता. हा मात्र नुसताच गेला. पाकीट भरायचं कुणासाठी? मी गल्ला बंद केला. घरी बाबा दाराकडे डोळे लावून पडले होते. मला बघितल्यावर "पाहु, पाहु" असं काहीतरी करायला लागले आणि डावा हात पुढे केला. मी रिकामे हात दाखवले. ते रडले. बाबांना रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं आणि मला त्यांची कीव आली नाही, भीती वाटली. गाळा गेला तर या माणसाला, त्याच्या औषधांना, आम्हा तिघांना घेऊन मी कुठे जाणार होते?

मी सगळीकडे विचारलं. हॉटेलवाल्यांनी पुढच्या महिन्याचं आगाऊ द्यायचं कबूल केलं, पण ते समुद्रात लोटाभर. बँकेने गाळ्याचे कागद मागितले, आणि ते तर फूटपट्टीच्या ताब्यात. धाकट्याने सावकाराचं नाव काढलं तेव्हा मी त्याला गप्प केलं.

तारखेला पाच दिवस उरले होते. सकाळी फूटपट्टी पुन्हा आला. मला वाटलं, आता दाराची रुंदी मोजायची राहिली असेल. पण त्याने खिशातून आमच्याच लाँड्रीची पावती काढून टेबलावर ठेवली.

आमच्या पावतीचे दोन भाग असतात. घरपोच गिऱ्हाइकांकडे बाबा स्वतः जायचे, धुतलेले कपडे द्यायचे, मळलेले घ्यायचे आणि तिथेच पावती लिहायचे. एक भाग गिऱ्हाइकाकडे राहायचा, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाची सही घेऊन तो आमच्याकडे. फूटपट्टीच्या हातात डॉक्टरांकडचा भाग होता, ते जायच्या आधीच्या शनिवारचा. वडिलांचे कपडे तुमच्याकडे राहिलेत, तो म्हणाला, ते द्या, मला घर बंद करायचंय. मी पावती हातात न घेताच आत गेले.

फडताळात ते गाठोडं बाबांनी ठेवलं तसंच होतं. उचलताना चादरीच्या घडीत हाताला काहीतरी कडक लागलं. मी घडी उलगडली. आत खाकी पाकीट होतं. वर बाबांच्या अक्षरात 'पाहुणा'. आत एका शनिवारची पूर्ण रक्कम.

हे पाकीट मीच भरलं होतं, बाबा कोसळले त्याच्या आदल्या शनिवारी. ते बँकेत असायला हवं होतं. डॉक्टरांच्या चादरीत काय करत होतं? काहीतरी कळत होतं, पण पूर्ण कळत नव्हतं. मी पाकीट पदराखाली घेतलं आणि गाठोडं घेऊन बाहेर आले.

फूटपट्टीने एकेक कपडा मोजून घेतला. सदरे चार. चादरी दोन. टॉवेल तीन. मग त्याचं बोट पावतीच्या शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे एक कमी आहे," तो म्हणाला. "पाहुणा, एक. हा कसला कपडा?"

मी पावती ओढूनच घेतली. बाबांचं अक्षर. सदरे ४, चादरी २, टॉवेल ३, पाहुणा १. मी ती उलटी केली. मागे पेन्सिलीने, बारीक नीटस अक्षरात, एक आकडा लिहिलेला होता. तो बाबांचा नव्हता. आकडा मात्र मी झोपेतही ओळखला असता. दोनशे साठ वेळा मोजायचा होता तो मला.

जेवला. एक. बाबा वेड्यासारखं बडबडत नव्हते. जे झालं तेच सांगत होते, पावतीवर लिहिलंय तसं.

फूटपट्टी माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. या माणसाचं कामच लोकांचे चेहरे बघायचं. मला वाटलं, खोटं बोलावं. टॉवेललाच आमच्यात पाहुणा म्हणतात असं सांगावं, आणि आधी आमच्याकडची सह्यांची पावतीपुस्तकं शोधावीत. पण त्यांत नुसतं 'पाहुणा १' असणार. बाबांनी आयुष्यभराचा व्यवहार आमच्या घरातल्या थट्टेच्या शब्दात लिहून ठेवला होता. असला शब्द कुठलं कोर्ट मानणार? आकडे होते ते फक्त डॉक्टरांच्या भागावर, आणि डॉक्टरांचे भाग या माणसाच्या घरात.

"अशा आणखी पावत्या आहेत तुमच्याकडे?" मी विचारलं.

आहेत, तो म्हणाला, दातांचे साचे ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्यात, आज रद्दीत टाकणार होतो.

मग मी त्याला सगळं सांगितलं. पाहुणा कोण, शनिवार काय, पाकीट काय. पदराखालचं पाकीट टेबलावर ठेवलं. धाकटा आतून येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. ऐकता ऐकता त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"हे मी तुम्हाला का सांगतेय ते मलाच कळत नाही," मी शेवटी म्हटलं. "तुम्ही घरी जाऊन तो डबा पेटवून दिलात तर मी काही करू शकत नाही. गाळा तुमचा होईल. पण मग तुम्हाला माहीत असेल, आणि मला माहीत असेल."

तो बराच वेळ पावतीची घडी घालत आणि उलगडत राहिला. मग कपडे उचलले, पावती खिशात घातली आणि निघाला. जाताना एवढंच म्हणाला की अर्धवट जळालेले कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना सिद्ध होत नाही असं सांगतो. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलं नाही. धाकटा त्याच्या मागे जायला निघाला, तर मी त्याचा दंड धरला. मागे जाऊन काय करणार होता? हाणामारी?

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. आम्ही दोघांनी बाबांची पावतीपुस्तकं खाली काढली. चौदा महिन्यांची. प्रत्येक शनिवारी डॉक्टरांची सही, प्रत्येक सहीवर 'पाहुणा १'. सत्तावन्न पावत्या. सर्वांत पहिलीवर लिहिलं होतं, 'मोठा पाहुणा १'. ती बँकेतून रक्कम काढल्याच्या दिवसाची होती. धाकटा म्हणाला, म्हणजे बाबांनी सगळं आधीच नेऊन दिलं, पण आपल्याला का नाही सांगितलं? मला उत्तर अंधुक दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तो आला नाही. बारा वाजता मी त्याच्या घराकडे जायला चप्पल घातली आणि काढली. साडेबाराला तो आला. काखेत पत्र्याचा डबा होता. दाढी केलेली नव्हती.

"मी येणार नव्हतो," तो म्हणाला. "तुम्हाला कळलेलं बरं." आणि डबा टेबलावर ठेवला.

आम्ही पावत्या जुळवायला बसलो. आमचा भाग आणि त्याचा भाग, फाटलेली कड फाटलेल्या कडेला लावून. तो प्रत्येक आकडा स्वतः वाचायचा, धाकटा लिहून घ्यायचा, भावजय दाराशी उभी राहून पावत्या मोजायची. दोनशे शनिवार मोठ्या पाहुण्याचे, आणि त्यानंतरचे छप्पन्न. बाकी राहिले होते चार. त्यातला एक या पाकिटात होता. त्याने बेरीज दोनदा केली, आपल्या कागदावर जमा मांडली आणि सही केली. उरलेले तीन शनिवार तारखेपर्यंत आणून द्या, म्हणाला. हॉटेलांच्या आगाऊ पैशांत ते बसणार होते. धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

डब्याच्या तळाशी सर्वांत पहिली पावती होती. फूटपट्टीने आकडा वाचून दाखवला, पण त्याच्या खालीही काहीतरी लिहिलेलं होतं. ते त्याने मनात वाचलं आणि पावती माझ्या हातात दिली. हे तुमच्या वडिलांचं बोलणं असावं, म्हणाला, आमचे बाबा सगळं लिहून ठेवायचे.

डॉक्टरांच्या बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. धाकट्याने विचारलं, काय लिहिलंय?

मी पहिली ओळ वाचली. "मुलांना तारखेपर्यंत सांगू नये. परत मागायला येतील."

तिथे थांबता आलं असतं. पावती माझ्या हातात होती आणि खाली आणखी एक ओळ आहे हे धाकट्याला दिसत नव्हतं. पण आठ दिवसांपूर्वी मी या पोराला चोर ठरवलं होतं, मशीनपाशी उभं करून, त्याच्या बायकोसमोर. मी दुसरी ओळही वाचली.

"धाकटा कदाचित येईल. थोरली नक्की येईल."

फूटपट्टी डब्याचं झाकण लावत राहिला. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. पाच वर्षं मी समजत होते की पाहुण्याची राखण मी करतेय. बाबा डॉक्टरांना घाबरत नव्हते, तारखेला घाबरत नव्हते. ते त्या पाकिटाला माझ्यापासून वाचवत होते, आणि दर शनिवारी ते माझ्याच हातून घेऊन जात होते. धाकट्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला फार जड वाटला.

शनिवारी हॉटेलांचे पैसे आले. मी तीन शनिवार एकाच पाकिटात भरले आणि वर 'पाहुणा' लिहिलं. माझं अक्षर बाबांसारखं वळणदार नाही. फूटपट्टीकडे द्यायच्या आधी बाबांना दाखवावं म्हणून मी ते घरी नेलं. भावजय त्यांची उशी नीट करत होती, धाकटा पायाशी बसला होता.

मी खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. डबा मिळाला, पावत्या जुळल्या, कागदावर जमा झाली, सोमवारी गाळ्याचे कागद परत येतील. "जेवला, बाबा," मी म्हटलं. "हा शेवटचा घास."

त्यांच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी पहिल्यांदा शांतता आली. तोंडाची चांगली बाजू हसली. त्यांनी डावा हात पुढे केला, मी पाकीट त्यावर ठेवलं. त्यांनी ते छातीशी धरलं, बोटांनी चाचपून त्याची जाडी बघितली. मला वाटलं, आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

त्यांनी मान वळवली आणि पाकीट भावजयीकडे दिलं.

ती गोंधळली. माझ्याकडे बघायला लागली. मी तिला खुणेने सांगितलं, ठेव. तिने ते दोन्ही हातांत घेतलं, ताटांच्या फळीपाशी गेली आणि सर्वांत वरच्या ताटात ठेवलं. बाबांनी डोळे मिटले. मी तिथेच बसून राहिले. सोमवारी ते पाकीट तिनेच नेऊन दिलं.